नाण्याचा घाट की नानाचा?

वाचकांच्या शब्दशंका

घाट, खिंडी आणि त्यांच्या नावांबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे. त्या एका नावात अडकलेल्या गाठीच तेवढ्या आहेत.

प्रश्न : नाणेघाट हे नाव तिथे जकातीची नाणी जमा होत म्हणून पडले, असे आम्ही लहानपणापासून ऐकतो. घाटमाथ्यावरचा दगडी रांजणही दाखवतात. गावातली जुनी माणसे मात्र ‘नानाचा घाट’ म्हणतात. खरे काय? (वाचक, जुन्नर)

उत्तर : आधी जे दगडावर आहे ते पाहू. मुरबाडकडच्या वैशाखरे गावाच्या बाजूने चढून आलात की माथ्याजवळ कातळ चिरल्यासारखी अरुंद बोळ लागते आणि तिथेच लेणे आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरलेला आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, काळ साधारण इ.स.पू. पहिले शतक. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. गाई, घोडे, हत्ती आणि ‘काहापण’, म्हणजे कार्षापण नावाची नाणी. संख्या अक्षरांत न लिहिता अंकचिन्हांनी लिहिल्या आहेत, म्हणून अंकांच्या इतिहासात हा लेख फार मोलाचा मानतात.

आता यात काय नाही ते पाहा. वाचता येणाऱ्या भागात घाटाचे नाव नाही. जकातीचा दर नाही. नाण्यांचा उल्लेख आहे तो दक्षिणा म्हणून. तेव्हा ‘शिलालेखातच लिहिलंय’ असे कुणी सांगितले तर ते चूक आहे.

दुसरी गाठ खुद्द ‘नाणे’ या शब्दाची. तो संस्कृत-प्राकृत ‘नाणक’वरून आला आणि ‘नाणक’ कुषाणांच्या नाण्यांवरच्या नना देवीच्या नावावरून, असे अनेक अभ्यासक मानतात. कुषाण नागनिकेनंतरचे. म्हणजे लेख कोरला गेला तेव्हा नाण्याला इथले लोक नाणे म्हणत नसावेत, काहापण म्हणत असावेत. नाव नाण्यावरूनच पडले असेल, तरी ते लेखाच्या वेळचे नव्हे, पुष्कळ नंतरचे ठरते.

मग जकात खोटी का? तसेही नाही. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरच्या बाजारपेठेत जाणारा माल याच वाटेने चढे. राखणीला जीवधन किल्ला शेजारीच उभा, मागे चावंड, हडसर, शिवनेरी. अशा वाटेवर जकात घेतली जाणे अगदी स्वाभाविक आहे. ‘घाट’ ज्यावरून आला त्या ‘घट्ट’ या संस्कृत शब्दालाही जकातनाक्याचा वास आहेच. ‘घट्टकुटीप्रभातन्याय’ ऐकला असेल : जकात चुकवायला निघालेला व्यापारी रात्रभर आडवाटेने भटकतो आणि उजाडल्यावर पाहतो तर नेमका जकातीच्या झोपडीसमोर उभा! घाटपांडे हे आडनावही घाटातल्या जकातीशी आणि राखणीशी जोडलेल्या वतनाचे. पण जकात होती म्हणून नाव तिच्यावरूनच पडले, ही उडी पुराव्याशिवाय मारता येत नाही. रांजणाचेही तेच. त्याच्यावर ‘मी जकातीचा’ असे लिहिलेले नाही. पाण्याचा असेल, पैशाचा असेल.

तुमच्याकडच्या जुन्या माणसांचा ‘नाना’ही हसण्यावारी नेऊ नका. खालून पाहिले की घाटाशेजारचा सुळका अंगठ्यासारखा दिसतो आणि त्याला ‘नानाचा अंगठा’च म्हणतात, ‘नाण्याचा’ नव्हे. इंग्रजी कागदांत ण आणि न एकाच अक्षराने लिहिले जातात, त्यामुळे ते साक्षीला बोलावून उपयोग नाही. शिवाय कामशेतजवळ नाणे मावळ आहे, त्यात नाणे नावाचे गाव आहे. म्हणजे ‘नाणे’ हे स्थलनाव घाटाच्या जकातीशिवायही भेटते.

आमचे मत : लिहिताना ‘नाणेघाट’च लिहा, ते रूढ आहे. अर्थ सांगताना ‘नाण्यावरून पडले असावे’ इथे थांबा. ‘पडले’ म्हणू नका.

प्रश्न : घाट, खिंड, नाळ, बारी, दार हे सगळे एकच का? ट्रेकच्या माहितीपत्रकांत कुठलाही शब्द कुठेही वापरलेला दिसतो. (वाचक, डोंबिवली)

उत्तर : एकच नव्हेत. पत्रके लिहिणाऱ्यांनी हा फरक पुसला तर चालणाऱ्याचे नुकसान होते, कारण वाट कशी आहे हे हे शब्दच सांगतात.

घाट म्हणजे डोंगर चढून-उतरून पलीकडे नेणारी पूर्ण वाट, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. खिंड म्हणजे दोन उंचवट्यांमधली खाच, एक जागा. घाटात खिंड असू शकते. नाणेघाटाच्या माथ्यावरची बोळ ही खिंडच. उलटे मात्र होत नाही. खिंडीत आपण ‘पोचतो’, घाट आपण ‘चढतो’ किंवा ‘उतरतो’. ‘खिंड चढलो’ असे कुणी लिहिले की लिहिणारा तिथे गेला नसावा अशी शंका येते.

नाळ किंवा नळी म्हणजे दोन कड्यांच्या बेचक्यातून उतरणारी तीव्र घळ. बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट. नाव ऐकताच तीन गोष्टी गृहीत धराव्यात. पायाखाली सुटे धोंडे असणार, पुढच्याने हलवलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येणार आणि पावसाळ्यात तीच नाळ ओढा होणार. म्हणून नाळेत एकाच्या थेट खाली दुसरा उभा राहत नाही. अवघड टप्पा एकेकाने पार करायचा, बाकीच्यांनी कडेला आडोशाला थांबायचे. निसण किंवा निसणी म्हणजे शिडी. निसणीच्या वाटेवर हात लावावा लागणार. भीमाशंकरला खांडसकडून जाणाऱ्या दोन वाटांची नावे पाहा : गणेश घाट आणि शिडी घाट. लहान मुले बरोबर असतील तर कुठला घ्यायचा ते नावानेच सांगितले आहे.

नुसत्या ‘घाट’ शब्दात बैलाची सोय दडलेली आहे. पूर्वी कोकणातून मीठ आणि मासळी वर जाई, वरून धान्य आणि गूळ खाली येई, आणि हे सगळे बैलांच्या पाठीवर. लादलेला बैल नाळेने चढत नाही. त्याला वळसे घेत जाणारा सौम्य चढ लागतो, पायऱ्या बसक्या लागतात, मध्ये पाण्याचे टाके लागते. जुन्या घाटवाटेवर फरसबंदी, कातळातले टाके आणि वाघजाई किंवा गणपतीचे ठाणे दिसले तर ती मालाची वाट होती असे धरायला हरकत नाही.

बारी हा शब्द नाशिक-खानदेशकडचा. सेलबारी, डोलबारी, चांदवडजवळची राहुड बारी. कळसूबाईच्या पायथ्याचे गावच बारी आहे. अर्थ खिंडीजवळचा, पण बारी बहुधा रुंद, बैलगाडी जाईल अशी. ‘दार’ जुन्नर भागात भेटते : भोरांड्याचे दार.

व्याकरण थोडक्यात. घाट पुल्लिंगी, अनेकवचन घाटच. खिंड स्त्रीलिंगी : खिंडी, खिंडीत. नाळ : नाळेने उतरलो. बारी : बाऱ्या, बारीत. जोडून लिहायचे की तोडून? नावाचा पहिला भाग घाटाशी एकजीव झाला असेल तर जोडून : बोरघाट, थळघाट, नाणेघाट. पायथ्याच्या किंवा माथ्याच्या गावाचे नाव जसेच्या तसे असेल तर तोडून : कुंभार्ली घाट, ताम्हिणी घाट, पसरणी घाट. चा-ची-चे आले की नेहमी तोडून.

प्रश्न : खंडाळ्याचा घाट ‘बोर’ की ‘भोर’? (वाचक, पनवेल)

उत्तर : मराठीत बोरघाट. ‘भोर’ हा इंग्रजी लेखनातला प्रताप आहे. जुन्या इंग्रजी कागदांत ब ला एच चिकटला तो चिकटलाच, आणि पुढे त्यावरून मराठीत उलट भाषांतर करणाऱ्यांनी ‘भोर घाट’ केले. यात फक्त शुद्धलेखनाचा घोटाळा असता तर सोडून दिले असते. पण भोर नावाचे गाव पुणे जिल्ह्यात खरोखरच आहे आणि तिथून महाडला उतरणारा घाट आहे वरंधा. ‘भोरचा घाट’ विचारलात तर सांगणारा तुम्हाला लोणावळ्याच्या कितीतरी दक्षिणेला पाठवील, आणि त्याचे काही चुकणार नाही.

याच घाटाचे तिसरे नाव रेल्वेकडे आहे. कर्जत-लोणावळा टप्प्याला रेल्वेवाले दक्षिण-पूर्व घाट म्हणतात आणि कसारा-इगतपुरीला उत्तर-पूर्व घाट. दिशा मुंबईहून मोजलेल्या आहेत. बोरघाटातून गाडी १८६३ मध्ये सुरू झाली, थळघाटातून १८६५ मध्ये. दोन्हीकडे चढ ३७ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावर १ फूट वर. साध्या लोहमार्गाच्या मानाने हा चढ भलताच, म्हणून मागून ढकलायला ‘बँकर’ इंजिने जोडतात. आणखी एक काळजी : खंडाळेही दोन आहेत. दुसरे सातारा जिल्ह्यात, पुण्याहून जाताना खंबाटकी घाटाच्या अलीकडे. ‘खंडाळ्याचा घाट’ एवढेच लिहिले तर साताऱ्याच्या वाचकाला ते दुसरेच वाटेल.

प्रश्न : करूळ घाट आणि गगनबावडा घाट हे वेगळे आहेत का? बातमीत एक बंद असतो आणि नकाशात दुसरा दिसतो. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : एकच आहे. पुष्कळ घाटांना दोन नावे असतात, कारण घाटाला दोन टोके असतात. ज्याच्या वाटेत जे गाव ओळखीचे, तो त्या गावाचे नाव घेतो. गगनबावडा माथ्यावर, करूळ पायथ्याला. सरकारी बातमी बहुधा ‘करूळ घाट’ म्हणते. कसारा आणि थळघाट ही जोडीही अशीच, पण तिथे रस्ता आणि रेल्वेमुळे ‘कसारा’ वरचढ झाले.

तुमच्या भागातली खरी फसगत मात्र पुढेच आहे. भुईबावडा घाट हा वेगळा, शेजारचा. तोही गगनबावड्याहूनच खाली उतरतो. गगनबावडा वर, आभाळाजवळ. भुईबावडा खाली, भुईवर. एका बावड्याची वरची-खालची बाजू इतक्या नेमकेपणाने सांगणारी जोडी सह्याद्रीत क्वचितच सापडेल. दरड कोसळल्याची बातमी वाचताना ‘करूळ’ की ‘भुईबावडा’ एवढा एक शब्द नीट पाहा. एक बंद असला तर बहुधा वाहतूक दुसऱ्यावरून वळवतात.

आंबा, आंबोली आणि आंबेनळी यांतही लोक असेच गोंधळतात. आंबा घाट रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावर, आंबोली सावंतवाडीवरून वर जाताना आणि आंबेनळी महाबळेश्वर-पोलादपूरच्या मध्ये. तिसऱ्या नावातली ‘नळी’ नजरेआड करू नका. वर सांगितलेली नाळ ती हीच.

प्रश्न : ‘नथु ला खिंड’ यात द्विरुक्ती नाही का? ‘ला’ म्हणजेच खिंड ना? (शिक्षिका, नाशिक)

उत्तर : हो, तिबेटी भाषेत ‘ला’ म्हणजे खिंड. खारदुंग ला, शिपकी ला, जेलेप ला, सगळीकडे तोच. तर्काने ‘नथु ला खिंड’ म्हणजे ‘नथु खिंड खिंड’. पण गुलाबपाण्यातही फारसी ‘आब’, म्हणजे पाणी, आहेच, आणि आपण वर मराठी पाणी घालतोच.

इथे मराठीची एक स्वतःची अडचणही आहे. आपला चतुर्थीचा प्रत्यय ‘ला’. ‘आम्ही नथु लाला गेलो’ हे वाक्य मोठ्याने वाचून पाहा. ‘नथु लात बर्फ होता’ त्याहून वाईट. मुले हमखास ‘नथुला गेलो’ लिहितात आणि नथु नावाच्या कुणा गृहस्थाकडे पाहुणे गेल्यासारखे वाटते. म्हणून आम्ही असे सुचवू : पहिल्या उल्लेखात ‘नथु ला ही सिक्कीम-तिबेट सीमेवरची खिंड’ असे लिहा, पुढे विभक्ती लागणार असेल तिथे ‘नथु ला खिंडीत’, ‘नथु ला खिंडीला’ आणि बाकी ठिकाणी नुसते ‘नथु ला’. द्विरुक्ती चालेल, ‘लाला’ नको.

त्या मुलखांत खिंडीला प्रत्येकाचा आपला शब्द आहे. हिमाचलात जोत, कुमाऊंत धुरा, खैबरकडे कोतल. लंडी कोतलमधले कोतल तेच. पाठ्यपुस्तकाने या सगळ्यांना खिंड म्हटले ते योग्य. घाट म्हणायला नको होते, आणि म्हटलेही नाही. अपवाद पालघाटचा. तो आपल्या अर्थाने घाट नव्हेच. डोंगररांगच तिथे सुमारे ३० किलोमीटर रुंद तुटली आहे. वळणे घेत चढायचे असे तिथे काही नाही. पण नावात घाट असल्याने थळघाट-बोरघाट-पालघाट हे त्रिकूट आपण एका दमात घोकतो आणि तिन्ही सारखेच समजतो. वर्गात फळ्यावर उभा छेद काढून दाखवलात तर दोन मिनिटांत फरक कळेल : पहिल्या दोघांत भिंत आणि तिच्यावर चढणारी रेघ, तिसऱ्यात भिंतीलाच पडलेले भगदाड.

प्रश्न : पावनखिंडीचे आधीचे नाव काय? आणि ‘खिंड लढवणे’ तिथूनच आले का? (वाचक, इचलकरंजी)

उत्तर : घोडखिंड. गजापूरची खिंड असेही म्हणतात. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेल्या शिवाजी महाराजांचा पाठलाग बाजीप्रभू देशपांडे यांनी तिथे रोखून धरला. ‘पावन’ हे त्यानंतरचे नाव. म्हणून ‘शिवाजी महाराज पावनखिंडीत पोचले तेव्हा’ असे कथाकाराने लिहिले तर चालेल, पात्राच्या तोंडी मात्र ‘पावनखिंड’ घालू नये. तोवर ती पावन झालेली नव्हती.

‘खिंड लढवणे’ म्हणजे कमी बळावर, मदत येईपर्यंत एकट्याने तग धरणे. बाजीप्रभूंमुळे हा प्रयोग घरोघरी पोचला यात शंका नाही. सध्या तो चुकीच्या जागी पडतो : ‘सलामीच्या जोडीने खिंड लढवली’. सामना सुरू होतानाच कसली खिंड? बाकीचे बाद झाल्यावर शेवटचा गडी टिकून राहिला तर म्हणा. ‘खिंडीत गाठणे’ याच्या उलट बाजूचे : समोरच्याला हलता येणार नाही अशा जागी अडवणे. त्याचे चित्र पाहायचे तर उंबरखिंडीची लढाई वाचा. फेब्रुवारी १६६१ मध्ये कुरवंडे घाटाने उतरलेले कारतलबखानाचे सैन्य तिथे असेच सापडले. आणि ‘खिंडार पडणे’ याच घराण्यातले, फक्त ते भिंतीला आणि पक्षाला पडते, डोंगराला नव्हे.

प्रश्न : आमच्या तालुक्यातल्या घाटवाटांची नावे गोळा करायची आहेत. अर्थ कसा ठरवावा? मढे घाटासारख्या नावाचे काय करावे? (महाविद्यालयीन विद्यार्थी, वेल्हे)

उत्तर : प्रत्येक वाटेसाठी दोन्ही टोकांच्या गावांत जा. एकाच टोकाची माहिती अर्धी असते, हे वर करूळच्या उत्तरात आलेच आहे. ‘या घाटाचं नाव काय?’ असे थेट विचारू नका. समोरचा पाटीवरचे किंवा फोनमधल्या नकाशातले नाव सांगून मोकळा होतो. ‘पूर्वी खाली बाजाराला कुठल्या वाटेनं जायचात?’ असे विचारा आणि उत्तर वाक्यासकट टिपून घ्या, कारण नावाचे मूळ सामान्यरूपात उघडे पडते. ‘नाण्याच्या घाटानं’ म्हटले तर मूळ नाणे, ‘नानाच्या घाटानं’ म्हटले तर नाना. नुसत्या ‘नाणेघाट’वरून हे कळत नाही. गुराखी आणि माहेर-सासर घाटाच्या दोन बाजूंना असलेल्या आजीबाई यांच्याकडे नावांचा साठा सर्वांत चांगला असतो.

मग वाट स्वतः चाला आणि पाहा : नावातले झाड तिथे आहे का, देव आहे का, आकार जुळतो का, कोणते गाव त्या नावाचे. सर्वेक्षण खात्याचा १:५०,००० चा नकाशा जवळ ठेवा, पण जागा शोधण्यापुरता. त्यातल्या इंग्रजी अक्षरांत ण-न, ळ-ल, ट-त, ठ-थ सगळे एक होते. ‘थळ’चे थल, ठाल काहीही वाचता येईल.

मढे घाटाबद्दल सांगतात ते असे : १६७० मध्ये सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसरे यांचे मढे या घाटाने उमरठ्याला नेले. दिशा बरोबर जुळते, वाट खरोखर तिकडेच उतरते. पण मराठीत मढ, मढी म्हणजे लहान देऊळ किंवा गोसाव्याची झोपडी असाही शब्द आहे. तेव्हा वहीत दोन रकाने करा, ‘लोक सांगतात’ आणि ‘आढळले’. तानाजींची हकीकत पहिल्यात पूर्ण लिहा, कुणी सांगितली ते गाव-वयासह. १६७० च्या आधीच्या कागदात हेच नाव मिळाले तर हकीकत मागून जोडली गेली हे ठरेल, तोवर दुसरा रकाना कोरा ठेवा. कोऱ्या रकान्याची लाज वाटून तो भरू नका. असेच भरलेले रकाने पुढे माहितीफलक होतात.

प्रश्न : ‘घाटी’ म्हणणे अपमानास्पद आहे का? (वाचक, मुंबई)

उत्तर : मूळ अर्थ नुसता घाटावरचा माणूस. कोकणातला शेतकरी ‘घाटावरून बैल आणला’ म्हणतो तेव्हा त्यात कमीपणा नसतो. जागा सांगितली, संपले. मुंबईत गिरणी-गोदीच्या कामाला आलेल्या देशावरच्या लोकांना हिणवून ‘घाटी’ म्हणू लागले आणि शब्द कडवट झाला. आपल्या माणसाने आपल्याबद्दल हसत म्हटला तर चालतो, दुसऱ्याने दुसऱ्याला म्हटला की लागतो. लिहिताना ‘घाटावरचा’ किंवा ‘देशावरचा’ वापरा.